दुसऱ्या यंत्राचा आवाज

दोन हजार नऊ साली हे झालं. त्याच वर्षी टेलिफोन एक्स्चेंजची जुनी इमारत पाडायला काढली, आणि ऑपरेटरबाई दोनदा मुद्दाम बसने जाऊन ती पडताना बघून आल्या. एकतीस वर्षं त्यांनी तिथे कानाला हेडफोन लावून काढली होती. त्या काळी ट्रंककॉल लागायला तासन् तास जायचे. लागला की माणसं रडायची, भांडायची, हळूच प्रेमाचं बोलायची, आणि या सगळ्याच्या मधोमध ऑपरेटर बसलेली असायची. पण ऐकायचं नाही, हा तिथला पहिला धडा. हेड ऑपरेटर नव्या मुलींना बजावायची की माणसं काय बोलतात ते तुमचं काम नाही, लाइन काय बोलते ते तुमचं काम. खरखर, घुमारा, दूर कुठेतरी ओली झालेली तार. सहा महिन्यांत मुलींचे कान असे तयार व्हायचे की शब्द गळून पडायचे आणि खाली नुसता आवाज उरायचा. निवृत्त झाल्यावरही ऑपरेटरबाईंचे कान तसेच राहिले.

ते कान त्यांना घरातही उपयोगी पडले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायची गॅलरी. माणसं चार. बाई स्वतः, त्यांचा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. मुलाला लहानपणापासून सोन्या म्हणत. आता तो चौतीस वर्षांचा होता, टायरच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता, आणि मनगट असं की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातसुद्धा बसत नसे. नातीला मुंगी म्हणत, कारण कुठेही साखर सांडली की ती तिथे हजर.

सोन्या हात उचलायचा. महिन्यातून एकदा, मग पंधरवड्यातून, मग कधीही. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग पट्ट्याचं बक्कल निघाल्याचा. त्या दोन आवाजांच्या मध्ये ऑपरेटरबाई उठायच्या, बाहेरच्या दाराला आतून कडी लावायच्या आणि परत येऊन खुर्चीत बसायच्या. समोरच्या घरात एक परिचारिका राहायची, वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर. त्यांच्या कानावर काही जाऊ नये एवढीच बाईंची काळजी. सुनेचा पुढचा दात पडला तेव्हा दाताच्या डॉक्टरांना बाथरूममध्ये घसरल्याचं सांगितलं, बरगडीला चीर गेली तेव्हाही तेच. सून एकदा औषध लावून घेताना म्हणाली होती, "आपलं बाथरूम आता इतकं प्रसिद्ध झालंय आई, की तिकीट लावायला हरकत नाही." दोघी हसल्या होत्या. हसताना सुनेने बरगडी धरून ठेवली होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कपडे धुण्याचं मशीन बिघडलं. दोन टाक्यांचं जुनं मशीन. एका टाकीत कपडे धुवायचे, दुसरीत, म्हणजे ड्रायरमध्ये, पिळून निघायचे. ड्रायर फिरत असताना झाकण उचललं की तो दोन सेकंदांत थांबायला हवा. तो थांबेना. झाकण उघडं आणि आत पोलादी पिंप गरगरतंय. मुंगीला ओले कपडे बाहेर काढायची भारी हौस, त्यामुळे मशीन चालू असताना बाई तिला गॅलरीत येऊ देत नसत. असल्या पिंपात मोठ्या माणसाचा हातसुद्धा पिळवटून निघतो हे त्यांनी ऐकलं होतं.

मेकॅनिक बोलावायची सोय नव्हती. आदल्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने सुनेकडे पाणी मागितलं, सोन्याने त्याची कॉलर धरून त्याला जिन्यापर्यंत फरफटत नेलं, आणि तेव्हापासून ते दुकान या घराचा पत्ता ऐकला की माणूस नाही म्हणून सांगायचं.

तेव्हा सुनेने वाट काढली. घरात संगणक होता, आणि लग्नाआधी टायपिंगची नोकरी केलेल्या सुनेने सासूला त्यावर मराठी लिहायला शिकवलं होतं. इंटरनेटवर एक जागा होती, जिथे लोक आपल्या घरातल्या बिघडलेल्या वस्तूंबद्दल विचारायचे आणि जाणकार उत्तरं द्यायचे. मिक्सर, इस्त्री, पंखा, गिझर. तिथले नियम बाईंना फार आवडले, एक्स्चेंजच्या नियमांसारखे वाटले. यंत्र किती जुनं, आधी काय झालं, काय करून पाहिलं, आणि शक्य असेल तर यंत्राचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. आवाजावरून बिघाड कळतो असं तिथे लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, हे मला कोणी सांगायला नको.

एका संध्याकाळी त्यांनी गॅलरीत ड्रायर सुरू केला, फोन त्याच्या कडेवर ठेवून त्या आत खुर्चीत येऊन बसल्या आणि तीन मिनिटांचा आवाज घेतला. पाठवण्याआधी तीनदा ऐकला. पिंपाची घरघर, तळाशी रबर घासल्याची बारीक शीळ. रेकॉर्डिंग स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याने आपलं नाव 'सावकाश' असं ठेवलं होतं. त्याने लिहिलं होतं की पहिल्या यंत्राची ब्रेकची तार तुटली आहे. सायकलच्या दुकानात मिळणारी ब्रेकची तार चालेल. आधी प्लग काढायचा, मागचं झाकण सहा स्क्रूंचं आहे, तार झाकणाच्या कडीपासून खालच्या ब्रेकपर्यंत ताणून बांधायची. घाई नको. आणि शेवटी एक ओळ होती: दुसरं यंत्र किती जुनं आहे?

बाईंना वाटलं, फ्रिजचा आवाज आला असेल. नऊ वर्षं, असं त्यांनी कळवलं.

"फ्रिज नव्हे," उत्तर आलं. "तो ऐकू येतोय, तो ठीक आहे. एक मिनिट बारा सेकंदांपासून जे चाललं आहे ते."

बाईंनी पुन्हा ऐकलं. घरघर, शीळ. त्यांनी सुनेला हाक मारली, हेडफोन तिच्या कानाला लावला आणि विचारलं, की एक मिनिटानंतर तुला काही वेगळं ऐकू येतंय का. सून ऐकत राहिली. तिचा चेहरा अजिबात बदलला नाही. पूर्ण तीन मिनिटं ऐकून तिने हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला.

"आई, हे मी आहे," ती म्हणाली.

मग बाईंनी चौथ्यांदा ऐकलं, आणि या वेळी मुद्दाम शब्द ऐकले. पट्टा होता. सून मोजून मापून, दबक्या आवाजात, मुंगी उठेल, मुंगी उठेल असं म्हणत होती.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. पण त्यांनी उत्तरही दिलं नाही. कोणीतरी भोचक माणूस असेल, असं स्वतःला समजावलं. सायकलच्या दुकानातून तार आणली, सहा स्क्रू काढले, सांगितल्याबरहुकूम ताणून बांधली. झाकण उचललं की ड्रायर खट्‌कन थांबू लागला. तारेचा वीतभर तुकडा उरला, तो त्यांनी सुया-दोऱ्याच्या डब्यात टाकला. आयुष्यात प्रथमच एखादी वस्तू आपल्या हाताने दुरुस्त केली याचा त्यांना एवढा आनंद झाला की दोन दिवस त्या येता-जाता झाकण उघडून बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी मुंगीने बापाच्या कारखान्याच्या कागदांवर पाणी सांडलं.

खुर्ची सरकली. बाई उठल्या, कडी लावली, वळल्या. तेव्हा त्यांना दिसलं की या वेळी सून नव्हतीच समोर. सोन्याने मुंगीला एका दंडाला धरून जमिनीपासून वर उचललं होतं आणि ओला टॉवेल झटकावा तशी झटकली. खांद्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मुंगी ओरडली नाही, तिचा श्वासच अडकला होता. सून धावली, तिला त्याने कोपराने असं उडवलं की तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटून भुवई फाटली. मग सोन्या मुंगीला खाली ठेवून हात धुवायला गेला.

खांदा समोरच्या परिचारिकेने बसवून दिला. सुनेच्या भुवईला टाके घातले. बाथरूमची गोष्ट दोघींसाठी एकदमच सांगायची वेळ आली. परिचारिका ती ऐकून एवढंच म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी मान असेल." बाई घरी आल्या. मुंगीला मार बसत असताना आपण दार लावलं, आपल्या या दोन हातांनी, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. त्या संगणकापुढे बसल्या आणि लिहिलं: दुसरं यंत्र चौतीस वर्षांचं आहे.

उत्तर लगेच आलं, जणू कोणी टपूनच बसलं होतं.

सुरुवातीपासून असंच आहे का, असं त्याने विचारलं. बाईंनी लिहिलं, नाही, सहा वर्षांपर्यंत ठणठणीत होतं, उलट फार मऊ होतं. मग कुठे आपटलं का, असं त्याने विचारलं. मुलाचा बाप, आता जाऊन बारा वर्षं झालेला, त्यालाही हात आवरत नसे. एकदा त्याने सोन्याला दाराच्या चौकटीवर भिरकावलं होतं. मानेच्या मागे जखम झाली, भरली, पण तिथे पुन्हा केस उगवले नाहीत. बाईंनी लिहिलं, हो, एकदा आपटलं.

"तेव्हा झाकण उघडं होतं की बंद?"

बाईंनी दाराबद्दल कोणालाही, कधीही, एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर कोणीतरी जिना झाडत होतं.

"बंद," त्यांनी लिहिलं. "मी लावलं होतं."

"मग तेव्हाच तुटली. तारेचा तुकडा उरला आहे ना, वीतभर पुरे. मानेमागे केस नसलेल्या जागी कडी आहे. यंत्र बंद असताना तार अडकवा, बाकीची ते स्वतः ओढून घेईल. पुरती ताणली जायला चार-पाच दिवस लागतील. नंतर झाकण उघडलं की थांबेल. पहिल्यांदा वेगात असताना ब्रेक लागला तर आतलं काहीतरी तुटेल. चालण्यासाठी त्याची गरज नसते. घाई नको."

माणूस चळलेला आहे, असं म्हणून बाईंनी संगणक बंद केला. पण रविवारी दुपारी जेवून सोन्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पालथा झोपला. पंखा चालू होता, पंख्याच्या वाऱ्याने त्याचे केस हलत होते, आणि ती रुपयाएवढी बोडकी जागा दिसत होती. बाई जवळ बसल्या. लहानपणी झोपवताना फिरवायच्या तसा हात त्यांनी त्याच्या डोक्यावरून फिरवला. बोट त्या जागेवर आलं तेव्हा खाली काहीतरी थंड लागलं. कातडीत बारीकसं भोक होतं आणि त्याच्या आत, सुईच्या नेढ्याएवढी, लोखंडाची कडी.

त्यांनी डबा आणला. तारेच्या टोकाला बाक दिला आणि अडकवलं.

तार आत जाऊ लागली. हळू, एकसारखी, शेवया ओढल्यासारखी. सोन्याच्या अंगात पाठीच्या कण्यावरून काहीतरी सरपटत खाली गेलं, कातडी उचलत. रक्ताचा एक थेंब आला. वीतभर तार संपली, भोक मिटलं. सोन्याने झोपेत ओठ चाटले आणि कूस बदलली.

पुढचे चार दिवस शांत गेले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सून गॅलरीत कपडे पिळत होती. सोन्या कारखान्यातून आला तोच चढ्या पट्टीत. मुंगीच्या हाताला बांधलेल्या झोळीबद्दल कारखान्यात कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. खुर्ची सरकली. बाई उठल्या, सवयीने. दार लावलेलंच होतं.

गॅलरीतून धडपडीचा आवाज आला. सोन्याने सुनेचे केस मनगटाला गुंडाळले आणि तिचं तोंड मशीनच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा. पांढऱ्या पत्र्यावरून लाल ओघळ उतरला. तो तिला तसाच फरफटत पुढच्या खोलीत घेऊन आला. एका हाताने पट्टा काढला. पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. बक्कलाने कातडी उघडली.

मुंगी मध्ये आली. एक हात झोळीत, दुसऱ्याने तिने बापाचा पाय धरला आणि मांडीला कडकडून चावली.

त्याने सुनेचे केस सोडले. वळला. पट्टा डोक्याच्या वर गेला, बक्कल पुढे.

बाई दारापाशी होत्या. कडीवर हात. दाराच्या पलीकडे सगळं जग होतं, समोरची परिचारिका, वरचे मास्तर, जिना चढणारे-उतरणारे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हे दार लावलं होतं.

त्यांनी कडी काढली आणि दार सताड उघडलं.

खट्.

पट्टा हवेत थांबला.

सोन्याच्या मानेतून ताणलेल्या तारेचा आवाज आला. तसला आवाज बाईंना चांगला माहीत होता. घरात तापलेल्या रबराचा वास पसरला. हाताला अजून वेग होता, तो खांद्यातच उलटा पिळला गेला आणि काहीतरी तुटल्याचं ऐकू आलं. जबडा मिटला, पुढचे दोन दात दातांवर आपटून फुटले. हनुवटीवरून रक्त गळू लागलं.

डोळे उघडे होते. पापणी लवली नाही.

बक्कल एकटंच झुलत राहिलं. मग तेही थांबलं.

परिचारिका तिच्या दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. तिने विचारलं, काय झालं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. "मारत होता," त्या म्हणाल्या. "थांबवलाय." परिचारिका आत आली, सुनेला उठवलं, मुंगीला कडेवर घेतलं आणि दोघींना आपल्या घरी नेलं.

बाई एकट्या उरल्या. त्यांनी हळूच दार लोटलं.

पट्टा खाली आला. जिथे मुंगी होती तिथे, मोकळ्या फरशीवर. पुन्हा एकदा. मग सोन्या थांबला, चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या माणसासारखा इकडेतिकडे बघू लागला, आणि फुटक्या दातांतून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, जेवायला काय आहे?"

त्यानंतर त्याने कोणावर हात उचलला नाही. रागही केला नाही, हट्टही नाही, हसणंही नाही. दार बंद असलं की तो चालायचा, काम करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. दार उघडलं की असेल तिथे थांबायचा, घास तोंडाशी असेल तर तसाच. बाहेर जायचं असलं की बाई त्याला धरून उंबऱ्यापलीकडे सरकवायच्या आणि मागून दार लावायच्या. डॉक्टरांनी मेंदूची तपासणी केली, काही निघालं नाही. पाठीच्या एक्स-रेत मानेपासून कमरेपर्यंत एक बारीक रेघ आली. फिल्म खराब असेल म्हणून तंत्रज्ञाने दुसरी काढली, तर तीतही आली.

नियमाप्रमाणे दुरुस्ती झाल्याचं कळवायला बाई संगणकापुढे बसल्या. सावकाशने आधीच लिहून ठेवलं होतं.

"पहिलं ठीक. दुसरं ठीक. ध्वनीत तिसरंही आहे. एक मिनिट सात सेकंदांना उठतं, बारा पावलं चालतं, कडी लावतं, बारा पावलं परत येतं, बसतं. ते किती जुनं आहे?"

बाईंनी संगणकाचा प्लग काढला, त्यावर जुनी चादर घातली. तो पुन्हा कोणी सुरू केला नाही.

सून महिनाभर राहिली. एका दुपारी ती गॅलरीतून आत आली तर मुंगी बाहेरच्या दाराशी खेळत होती. दार उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. खोलीच्या मध्यावर बाप पाऊल टाकायचा, थांबायचा, पाऊल टाकायचा, थांबायचा, आणि मुंगी खदखदून हसत होती. सून सासूजवळ येऊन इतकंच म्हणाली, "आई, तिला मजा येतेय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन पिशव्या भरल्या. बाईंनी तिला अडवलं नाही. ती दूरच्या शहरात कोर्टाच्या कचेरीत टायपिंगला लागली, पुढे तिथेच मोठ्या हुद्द्यावर गेली. भुवईवरचा व्रण तिने कधी झाकला नाही. मुंगी आता मोठी झाली आहे, लहान मुलांना पोहायला शिकवते. वडिलांची चौकशी करत नाही.

कारखान्याने सोन्याला काढलं, कारण तिथलं मोठं शटर दिवसभर वर-खाली व्हायचं. मग एका शीतगृहात त्याला काम मिळालं, जिथे दार सकाळी एकदा बंद झालं की संध्याकाळीच उघडायचं. तिथले लोक त्याची तारीफ करत. वरचे मास्तर मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले.

ऑपरेटरबाई गेल्या दोन हजार सतरा साली, मार्चमधल्या एका दुपारी. सुट्टीचा दिवस होता, सोन्या घरी होता. सकाळपासून त्यांना धाप लागली होती आणि घसा सुकत होता. सोन्या ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून आला, म्हणाला, "आई, पाणी..." तेवढ्यात खोकला ऐकून परिचारिका दार ढकलून आत शिरली. तो पलंगापासून दोन पावलांवर उभा राहिला. बाईंची नजर ग्लासावर होती. त्या दार, दार असं म्हणाल्या. वारा हवा असेल म्हणून परिचारिकेने दाराची दोन्ही कवाडं भिंतीपर्यंत उघडली आणि डॉक्टरांना फोन करायला धावली. चारच्या सुमाराला बाई गेल्या.

मग माणसं येत-जात राहिली. मुलगा धक्क्याने दगड झालाय, असं सगळे म्हणाले. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी ग्लास काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण बोटं उघडली नाहीत. ग्लासातलं पाणी जराही हललं नव्हतं. सात वाजता शेवटचे शेजारी गाडीची व्यवस्था बघायला खाली गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. आत परिचारिका होती, बाईंच्या अंगावरची चादर नीट करत. तिच्या मागे दोन पावलं वाजली.

"...आणलंय, घे," सोन्या म्हणाला, आणि त्याने ग्लास आईच्या ओठांना लावला.